चाळीस सेंटची बाटली

माझा मेहुणा लायल ब्रुकनर याला घरी केलेली बियर चाळीस सेंटला एक बाटली पडते. हे त्याने मला सांगितलं, शेजाऱ्यांना सांगितलं, चर्चच्या पाद्रीबाईंना सांगितलं, आणि गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरला सांगता सांगता त्याला झोप लागली. दुकानात तशा बाटलीला दोन डॉलर पडतात. म्हणजे बाटलीमागे दीड डॉलरच्या वर बचत. म्हणजे जितकी प्यावी तितकी शिल्लक. हे गणित ऐकून विस्कॉन्सिनमधला कुठलाही पुरुष मान डोलावतो, कारण इथे पिणं हा खर्चाचा विषय समजतच नाहीत; हवामानाचा समजतात.

मी इथल्या टेक्निकल कॉलेजात अकाउंटिंग शिकवतो. नडीन माझी धाकटी बहीण. तिचा संसार आणि माझा विषय यांची गाठ पडू द्यायची नाही, हे मी तिच्या लग्नातच ठरवलं होतं, आणि लायलच्या गॅरेजमध्ये उभं राहून त्याची बियर पिताना तर ते पाळणं फारच सोपं होतं. बियर उत्तम असायची. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाटेल की पुढचं सगळं वाईट बियरमुळे झालं.

सुरुवातीला लायल डब्यात मिळणाऱ्या, जवाच्या तयार पाकापासून बियर करायचा. पाक पाण्यात ओतायचा, उकळायचा, गार झाला की यीस्ट सोडायचं, संपलं. एक पातेलं, एक झाकणाची बादली. मग तो गावातल्या मंडळात गेला. हे घरी बियर करणाऱ्यांचं मंडळ. आठ पुरुष, महिन्यातून एक बैठक. तिथे अध्यक्ष अर्विन त्याला म्हणाला, "पाकापासून? म्हणजे विकतचा केक आणून वर मेणबत्ती लावल्यासारखं झालं रे. खरा माणूस धान्यापासून करतो." शिवाय धान्य स्वस्त. पाकाच्या निम्म्यात काम होतं. मोड आणून सुकवलेले जव पोत्याने घ्यायचे, घरी भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे, त्यांचा गोडवा पाण्यात उतरला की चोथा फेकायचा. एका खेपेला वीस डॉलर वाचतात.

हे वीस डॉलर वाचवण्यासाठी लायलने पहिल्यांदा जव भरडायचं यंत्र घेतलं. भरडलेले जव लवकर शिळे होतात, म्हणून. मग तीन मोठी स्टीलची पातेली, कारण एका पातेल्यात धान्य भिजतं, दुसऱ्यात पाणी तापतं आणि तिसऱ्यात रस उकळतो. पातेली गॅसवर ठेवली तर गॅसचा खर्च वाढतो, म्हणून विजेवर चालणारी घेतली. त्या विजेला घरातली तार पुरेना, म्हणून इलेक्ट्रिशियन आला. त्याने बेकायदा असलेल्या आणखी चार तारा शोधून काढल्या आणि त्यांचेही पैसे लावले. मग पंप. मग गावचं पाणी जड आहे म्हणून पाणी गाळायचा संच. मग तळाशी निमुळत्या होत गेलेल्या चकचकीत टाक्या, ज्यांच्यामुळे यीस्ट पुन्हा वापरता येतं. यीस्टच्या पुडीमागे आठ डॉलर वाचतात. त्या टाक्या गार ठेवायला एक यंत्र, आणि त्या यंत्राचा आवाज झोपायच्या खोलीत येतो म्हणून एक भिंत.

शेवटी गॅरेजमध्ये सगळं होतं, फक्त गाडी नव्हती. दोन हिवाळे नडीनची गाडी बाहेर बर्फात उभी राहिली. सकाळी अंधारात ती हातमोजे घालून काचेवरचा बर्फ खरवडायची आणि आतमध्ये, उबेत, यीस्ट झोपलेलं असायचं.

"त्याला अठरा डिग्रीच लागतं," लायल मला म्हणाला होता. "जरा इकडेतिकडे झालं की बिघडतं."

"आणि नडीन?"

"तिचं तसं काही नाही."

मंडळाचा एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण आठही जण तो पाळायचे. बाटलीचा भाव सांगताना धान्य धरायचं, कडवटपणासाठी घालायची हॉप्सची फुलं धरायची, यीस्ट धरायचं. भांडीयंत्रं धरायची नाहीत. "ती संपतात का?" अर्विन विचारायचा. "बियर संपते. पातेलं कुठे जातंय?" दर ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी मंडळाची सहल असते, आणि तिला बायकाही येतात. म्हणून सहलीच्या आधीच्या बैठकीत त्या वर्षीचा भाव ठरतो, म्हणजे आठही घरांत एकच आकडा जातो. गेल्या वर्षी अडतीस सेंट होता. यंदा जव महागले म्हणून चाळीस. सरकारं यापेक्षा कमी एकमताने चालतात.

आता नडीनचं सांगतो. ती दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. अठ्ठावीस वर्षं बसते आहे. तिला एकच गोष्ट हवी होती: वर उत्तरेला, तळ्याकाठी एक लाकडी घर. मोठं नको. उन्हाळ्यात जायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि कुणाचाही दात दुखत असला तरी फोन उचलायचा नाही. त्यासाठी पतपेढीत वेगळं खातं होतं. घरात सगळे त्याला 'उत्तरेचं खातं' म्हणायचे. शनिवारचा जादा पगार, नाताळचा बोनस, आमच्या आत्याने मागे ठेवलेले चार पैसे, सगळं त्यात. खातं दोघांच्या नावावर. बघायचं काम लायलचं, कारण आकडे त्याला आवडायचे.

यंदा जुलैत तिला घर सापडलं. मिसेस लाहती म्हणून एक म्हातारी विधवा, तिचं. तिला ते ओळखीच्या माणसालाच द्यायचं होतं. नडीन दोनदा जाऊन आली, तिच्या हातची कॉफी पिऊन आली, छप्पर कुठे गळतं तेही बघून आली. "ऑगस्टअखेरपर्यंत थांबते," म्हातारी म्हणाली. "मग शिकागोचे एक वकील मागे लागलेत, त्यांना देऊन टाकीन. पण मला वकील नकोय, पोरी."

दुसऱ्या सोमवारी दुपारी नडीनचा मला फोन आला. आवाज इतका शांत होता की मी खुर्चीतून उठलो.

"वॉरन, सव्वीस हजारांतून तेवीस गेले तर किती राहतात?"

"तीन."

"मलाही तेवढेच आले," ती म्हणाली. "पतपेढीतल्या मुलीलाही तेवढेच आले. तिने मला पाणी आणून दिलं."

मी पोचलो तेव्हा ती स्वयंपाकघरात कोट घालून बसली होती. जुलै महिन्यात. लायल फ्रिजला टेकून उभा होता आणि त्याचा चेहरा असा होता की जणू पैसे त्याचेच चोरीला गेलेत.

"गेले कुठे नाहीत," तो मला म्हणाला. "तूच सांग तिला. गॅरेजमध्येच आहेत. सगळेच्या सगळे. हात लावून बघता येतात."

"मला पातेल्यात राहायला जाता येईल का, लायल?" नडीन म्हणाली.

"मी परत भरणारच होतो गं. बचत होतेय ना. बाटलीमागे दीड डॉलर—"

"मग ते दीड डॉलर कुठायत?"

हा प्रश्न मंडळात कुणी कधी विचारला नव्हता.

"ते... खर्च न झालेले आहेत," तो म्हणाला. "खर्च न झालेले पैसे दिसत नाहीत."

"बियर विकून टाक."

"घरी केलेली विकता येत नाही. कायदा आहे. दोन मोठ्या माणसांच्या घरात वर्षाला दोनशे गॅलन करायची मुभा आहे, पण विकायची नाही." इथे त्याचा आवाज थोडा दुखावला. "आपण तर त्याच्या पाव भागापर्यंतही पोचत नाही."

नडीन उठली. मला वाटलं आता ताटं फुटणार. पण अठ्ठावीस वर्षं ती लोकांची ओरड ऐकत 'डॉक्टर येतीलच हं' म्हणत आली आहे. ती स्वतः ओरडत नाही.

"एकदा नीट सांग मला," ती म्हणाली. "एक बाटली कितीला पडते?"

"चाळीस सेंट."

"आणि गॅरेजमधलं?"

"ते धरत नाहीत."

"धरत नाहीत," नडीन म्हणाली, आणि कोट काढून खुंटीला लावला.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या दारात एक ट्रक थांबला. दोन माणसं उतरली, त्यांनी जेवणाचं टेबल उचलून व्हरांड्यात ठेवलं आणि जेवणाच्या खोलीत चौदा फूट लांबीचा एक लोखंडी सांगाडा जोडायला घेतला. लायलने मला फोन केला.

"तू ये," तो म्हणाला. "घरात काहीतरी आलंय."

ते गोधड्या शिवायचं मशीन होतं. साधं घरगुती नव्हे. मोठ्या गोधडीवर रुळांवरून धावत नक्षीची टीप घालणारं, कॉम्प्युटरसारखा पडदा असलेलं, दिवे असलेलं, लांब मानेच्या पक्ष्यासारखं. सांगाडा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. खिडकीपाशी जायचं तर वाकून खालून जावं लागत होतं. आमच्याकडे निम्म्या बायका गोधड्या शिवतात, चर्चच्या तळघरात, घरच्या मशीनवर, एकमेकींचे टाके उसवत. असं मशीन मी फक्त दुकानात पाहिलं होतं, दोरीच्या पलीकडे.

नडीन चष्मा लावून सूचनांचं पुस्तक वाचत होती.

"गोधडी कितीला पडते माहितीये?" तिने मान वर न करता विचारलं. "चौदा डॉलर. दुकानात तीनशेच्या खाली नाही."

"चौदा कशी?" लायल म्हणाला.

"कापड सेलमधलं. दोरा. आत घालायचा कापूस."

"आणि हे?" लायलचं बोट मशीनकडे गेलं. "हे कितीचं आहे?"

"ते धरत नाहीत."

लायलने माझ्याकडे पाहिलं. मी अकाउंटिंग शिकवतो, पण मी सांगाड्याखालून वाकून खिडकीपाशी गेलो.

"नडीन. आकडा सांग."

"एकवीस हजार. हप्त्याने. महिन्याच्या आत परत करता येतं." ती पान उलटून म्हणाली, "पण परत का करायचं? एका गोधडीमागे दोनशे शहाऐंशी डॉलर वाचतायत. मी तर म्हणते आपण आत्तापर्यंत मूर्खासारखे राहिलो."

लायल जमिनीवर बसला. खुर्च्याही व्हरांड्यात गेल्या होत्या.

त्याला वाद घालता येईना, हे बघण्यासारखं होतं. जो मुद्दा मनात येई तो ओठांवर येईपर्यंत त्याच्याच विरुद्ध फिरे. मशीन नको म्हणावं तर पातेली आडवी येत. तीन आठवडे ते दोघं स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभ्याने जेवले. नडीन दोनदा मिसेस लाहतींशी फोनवर बोलली. काय बोलली ते लायलला कळलं नाही आणि विचारायची छाती झाली नाही. मला तिने एवढंच सांगितलं: "त्याने एकदा खरा आकडा तोंडाने म्हणावा, वॉरन. मला दुसरं काही नको. त्याने म्हटला की मी मशीन परत पाठवते आणि आम्ही बसून काय विकता येतं ते बघतो. पण मी त्याच्या तोंडात घालणार नाही."

"नाही म्हटला तर?"

"तर मी गोधड्या शिवीन," ती म्हणाली. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

मग सहलीचा शनिवार आला.

तळ्याकाठच्या बागेत लाकडी बाकं, शेगडीवर ब्रॅटवर्स्टचे सॉसेज, बटाट्याचं सॅलड, आणि बर्फात पुरलेले आठ घरांच्या बियरचे आठ केग, म्हणजे नळी लावलेली पिंपं. पुरुष एकमेकांच्या बियरला नाक लावून उभे होते. मला खाण्याच्या टेबलाशी नेमलं होतं, म्हणून मी बायकांच्या बाजूला होतो.

अर्विनची बायको डोरीन हिने विषय काढला. "नडीन, मशीन घेतलंस म्हणे! आम्हाला बोलावलं नाहीस ते?"

"या की. कधीही या." नडीनने पिशवीतून गोधडी काढली. पहिलीच. निळी, तिच्यावर लाटांची टीप. बायकांचे हात एकदम पुढे आले. कुणी टीप बोटाने चाचपली, कुणी उलटी करून मागची बाजू बघितली.

"किती पडली गं?" मंडळातल्या मायलोची बायको शारलीन हिने विचारलं.

"चौदा डॉलर."

"चौदा!"

"कापड आणि दोरा. बास."

"आणि मशीन?"

"मशीन कशाला धरायचं?" नडीन मोठ्याने म्हणाली. "ते कुठे संपतंय? गोधडी संपते. मशीन राहतंच की."

डोरीनने गोधडी खाली ठेवली आणि सावकाश आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. शारलीननेही पाहिलं. पण त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. मला नंतर पटलं की खरा हादरा तिथेच होता: त्यांच्या डोळ्यांत हिशोब होता. आपल्या घरात जेवणाची खोली किती फुटांची आहे, याचा.

"अर्विन," डोरीनने हाक मारली. "चौदा फूट बसेल का रे आपल्याकडे?"

"काय बसेल?"

"एक मशीन आहे. धरायचं नाही असं."

अर्विनच्या हातातला सॉसेज शेगडीत पडला. आठही पुरुष नडीनकडे बघायला लागले आणि मग सगळे एकदम लायलकडे. मंडळाची बैठक झाली असती आणि ठराव पास झाला असता, तर तो याहून स्पष्ट झाला नसता.

"लायल," अर्विन म्हणाला. "काहीतरी बोल, बाबा."

लायलच्या हातात ग्लास होता. त्याने तो बाकावर ठेवला, पुन्हा उचलला.

"एकोणीस डॉलर," तो म्हणाला.

"काय एकोणीस?" शारलीन.

"बाटली. चाळीस सेंट नाही." तो नडीनकडे बघत होता, बाकी कुणीच तिथे नसल्यासारखा. "सगळं धरलं तर. भिंत धरली, वीज धरली. एक बाटली एकोणीस डॉलरला पडली. जास्तच पडली असेल. मी त्याच्या पुढे मोजलं नाही. मला मोजवेना."

तळ्यावरून एक मोटारबोट गेली. मग सात बायका सात नवऱ्यांकडे वळल्या.

"आपली कितीला, अर्व?" डोरीनने विचारलं.

"आपली... आपली थोडी कमी—"

"मायलो?" शारलीन म्हणाली. "तो गार करायचा जो डबा आला होता, भेट मिळाला म्हणून, तो कुणी दिला होता?"

नडीनच्या चेहऱ्यावर मात्र कित्येक आठवड्यांनी रंग आला होता. ती लायलजवळ गेली. "मशीन बुधवारी जाईल," ती हलकेच म्हणाली. "आता पातेली वीक. आत्ता बारा हजार दिले तरी मिसेस लाहती बाकीच्यांसाठी थांबतील. मी विचारून ठेवलंय. सोमवारपर्यंत."

लायलच्या अंगात एकदम जीव आला. तो बाकावर चढला. "ऐका," तो म्हणाला. "माझं सगळं विकायचंय. निम्म्या किमतीत. टाक्या, पंप, भरडायचं यंत्र, गार करायचं यंत्र. अर्विन, तू दोन वर्षं माझ्या टाक्यांवर डोळा ठेवून आहेस. घेऊन जा. मायलो, पातेली?"

अर्विनचे डोळे चमकले. एक क्षण. मग त्याने डोरीनकडे पाहिलं.

डोरीन हाताची घडी घालून उभी होती.

"मायलो?" लायल म्हणाला.

मायलो गवताकडे बघत होता. सगळेच गवताकडे बघत होते. या असल्या वस्तूंना निम्मी तरी किंमत देणारी, सोमवारच्या आत देणारी माणसं आसपासच्या तीन काउंट्यांत बहुधा एवढी सातच होती, आणि त्यांच्या बायकांना अर्ध्या मिनिटापूर्वी खरा भाव कळला होता. तो लायलनेच सांगितला होता. नेमके विकत घेणारे हवे होते, तेव्हाच त्याने थाप मारली नव्हती. आयुष्यात त्याने पहिल्यांदाच ती मारली नव्हती.

"निम्म्याच्याही निम्म्यात," लायल म्हणाला.

कुणीही हात वर केला नाही.

तो बाकावरून उतरला. गुडघा ऑपरेशनचा, म्हणून आधी एक पाय, मग दुसरा. नडीन जागची हलली नव्हती. तिने फोन काढला, थोडी बाजूला झाली आणि पाठमोरी उभी राहिली. फार वेळ लागला नाही. मला फक्त शेवटचं ऐकू आलं: "नाही, नाही. तुम्ही वकिलांनाच द्या. नाही हो, रागावले नाही. कॉफीबद्दल थँक्यू."

मग ती केगपाशी आली. नडीन बियर पीत नाही. कधीच प्यायली नाही. लग्नात टोस्टच्या वेळीही तिने ओठ लावून ग्लास मला दिला होता. लायल म्हणाला, "नडीन, अगं—" पण तिने स्वतःच नळी धरून एक ग्लास काठोकाठ भरला, फेस जाईपर्यंत थांबली आणि एक घोट घेतला.

"चांगली आहे," ती म्हणाली.

लायलच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यापुरतं त्याला वाटलं असावं की संपलं.

तिने दुसरा घोट घेतला. "ही पडवी," ती म्हणाली.

"काय?"

"पाण्याकडची. जाळी लावलेली, डास येऊ नयेत म्हणून." आणखी एक घोट. "ही चूल. दगडी होती." ती घाईत नव्हती. प्रत्येक घोट ती तोंडात धरून ठेवत होती, चव नीट लागावी म्हणून. "या पायऱ्या. तीनच होत्या. हे न्हाणीघर."

लायलने हात पुढे केला, ग्लास घेण्यासाठी की तिला धरण्यासाठी ते त्यालाही कळलं नसावं, आणि तो हात तसाच हवेत राहिला. मागे डोरीन आणि अर्विनचं काहीतरी जोरात सुरू झालं होतं. नडीनने ग्लास रिकामा केला, ओठ पुसले आणि तो लायलच्या पुढे धरला.

"भर," ती म्हणाली. "अजून छप्पर राहिलंय."